एक, दोन, पाच, सहा

बुडापेस्ट, १४ सप्टेंबर १९८७

श्री. देवेन्यी आंब्रुश
घड्याळदुरुस्ती, कोसेग

महोदय,

तुम्ही मला ओळखणार नाही, किंवा ओळखाल आणि पत्र मिटून ठेवाल. शाळकरी मुलांसाठी निघणाऱ्या आपल्या गणिताच्या मासिकाचा, निवडक जुन्या प्रश्नांचा एक खास अंक निघतो आहे. तो जुळवायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे, कारण यंदा शाळेतून निवृत्त झाले आणि रिकामी सापडले. वर्गणीदारांची यादी चाळताना कोसेगच्या पानावर तुमचं नाव दिसलं. १९५० साली दर रविवारी लेंकेबाईंच्या मागून, त्यांची गणितं सोडवत यानोश टेकडी चढणारा, खिशात कायम एखादं मोडकं घड्याळ बाळगणारा देवेन्यी तो तुम्हीच का?

असाल तर पुढचं वाचा. मार्च १९५१ च्या अंकात लेंकेबाईंचा एक प्रश्न होता. चार किंवा अधिक वेगवेगळे आकडे घ्या आणि त्यांतले दोन-दोन वेगळे आकडे मिळवत जा. चार आकड्यांच्या निदान पाच वेगळ्या बेरजा येतातच, पाच आकड्यांच्या निदान सात. आता बेरजा इतक्या कमीत कमीच आल्या, तर ते आकडे जिन्याच्या पायऱ्यांसारखे सारख्या अंतरावर असले पाहिजेत, हे सिद्ध करा. बाईंचा हा सर्वांत लाडका प्रश्न, म्हणून खास अंकात तो पहिल्या पानावर घेतला होता.

गेल्या मंगळवारी गेल्लेर्ट चौकात ट्रामची वाट पाहत उभी होते. बाईंनी लावलेली खोड अजून गेलेली नाही: समोर येतील त्या ट्रामचे नंबर घ्यायचे आणि मिळवत बसायचं. १८, १९, ४७, ४९. अठरा आणि एकोणपन्नास सदुसष्ट, एकोणीस आणि सत्तेचाळीस सहासष्ट. एकाने हुकलं. मनात आलं, ४९ च्या जागी ४८ असती तर दोन्ही बेरजा सहासष्ट झाल्या असत्या आणि एकूण पाचच उरल्या असत्या. आणि १८, १९, ४७, ४८ या काही सारख्या पायऱ्या नव्हेत! माझी ट्राम आली नि गेली, मी तशीच उभी.

म्हणजे बाईंचं विधान पाच आकड्यांपासून पुढे खरं, पण चारांना खोटं. छत्तीस वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही. एकाच्या आलं होतं. तुमच्या उत्तराला तेव्हा शून्य गुण मिळाले, कारण तुम्ही सिद्धता न देता ‘विधान खोटं आहे. १, २, ५, ६. मोजून घ्या.’ एवढंच लिहिलं होतं. ज्या तपासनिसाने ते शून्य दिलं, त्याची चूक झाली. मासिकातर्फे मी दिलगिरी व्यक्त करते. तुमची हरकत नसेल तर खास अंकात दुरुस्ती तुमच्या नावाने छापू.

आपली,
बोदोर विल्मा

*

कोसेग, २१ सप्टेंबर

आदरणीय बोदोर बाईसाहेब,

महोदय म्हणे! यानोश टेकडीवर तू मला ‘ए लंबकर्णा, मागे राहू नकोस’ म्हणायचीस, तेव्हा मी महोदय नव्हतो. आपल्याकडे अरे-तुरेची परवानगी बाईमाणसाने द्यायची असते. तू ती मला १९५० च्या ऑक्टोबरात दिलीस, चरबी लावलेल्या पावाचा कांद्यासकट अर्धा तुकडा तोडून. ती मागे घेतल्याचं मला कुणी कळवलेलं नाही, त्यामुळे मी चालूच ठेवतो.

होय, तो मीच. घड्याळं आता खिशात नाहीत, भिंतभर आहेत. बायकोचं गाव हे. ती जाऊन चार वर्षं झाली. आमच्या गावात मध्यान्हीची घंटा अकराला वाजते, साडेचारशे वर्षांपूर्वी तुर्क वेढा उठवून गेले ती वेळ म्हणून. घड्याळजीला अशा गावात राहायचं म्हणजे शिक्षाच, पण सवय होते. मासिक मी शेजारच्या मुलासाठी मागवतो. (मुलगा मोठा होऊन सैन्यात गेला. मासिक येतंच आहे.)

दुरुस्तीचं म्हणशील तर वरातीमागून घोडं कशाला? सोडून दे. शून्य मी तेव्हाच पचवलं. मला खुपलं ते दुसरंच. वर्षाअखेर अव्वल मुलांचे फोटो मासिकात छापायचे, आठवतं ना? टिकलीएवढे, पण आख्ख्या देशात जायचे. ज्याची थोडी आशा असेल त्याने फोटो आधीच पाठवायचा आणि छापला नाही तर जूनच्या पहिल्या आठवड्यात तो परत यायचा, असा नियम. मी तीन गुणांनी हुकलो. त्या फोटोसाठी आईने बाबांचा कोट उसवून माझ्या मापाचा केला होता, टाय वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्याचा. तो फोटो परत आला नाही. पोस्टमनला रोज विचारायचो. शेवटी तो बिचारा मला पाहून रस्ता बदलायला लागला. अठरा जूनला लॉरी आली आणि आमची रवानगी तिसा नदीपलीकडच्या एका खेड्यात झाली. बाबांचं घड्याळाचं दुकान होतं, तेवढा गुन्हा तेव्हाच्या सरकारला पुरायचा. घरातलं सगळं मागे राहिलं आणि बाबा तिथेच पहिल्या थंडीत गेले. त्यांच्या कोटातला माझा तो एकच फोटो होता. परत पाठवायचीही तसदी घेऊ नये इतका मी मासिकात कुणाच्या खिजगणतीत नव्हतो, एवढं मात्र मला कळलं.

एक विचारू? जुन्या नोंदवहीत नुसते गुण असतात. मी काय लिहिलं होतं ते तुला शब्दन् शब्द कुठून माहीत?

आंब्रुश

*

बुडापेस्ट, ३० सप्टेंबर

आंब्रुश,

खाई त्याला खवखवे. पहिल्या पत्रात ‘तो तपासनीस’ असं लिहिताना माझी लेखणी अडखळली होती आणि तू नेमकं तिथेच बोट ठेवलंस. तपासनीस क्रमांक सात मी होते. नुकती विद्यापीठात गेले होते. पहिल्या वर्षाच्या मुलांना मासिकाची उत्तरं तपासायला द्यायचे आणि उत्तरावर नाव न लिहिता नुसता क्रमांक टाकायचा, ही तिथली रीत. तुला ते माहीत नव्हतं आणि सांगायची मला बंदी होती.

मी मोजलं नाही असं नाही. मोजलं, आणि तेच वाईट. त्या आठवड्यात विद्यापीठात आम्हाला नवीनच शिकवलं होतं की बेरजा करताना तोच आकडा दोनदा धरायलाही हरकत नाही: एक आणि एक, दोन आणि दोन. ते डोक्यात इतकं भिनलं होतं की तुझे १, २, ५, ६ हातात आल्यावर मी तसंच मोजलं. नऊ बेरजा आल्या. प्रश्नात ‘वेगळे आकडे’ म्हटलं आहे हे मी पाहिलंच नाही. ‘पाच नव्हे, नऊ’ असं लिहून खाली शून्य काढलं. तुझं ते ‘मोजून घ्या’ वाचून नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, हेही खरं आहे. सतरा वर्षांचा पोरगा बाईंना खोटं ठरवतो आणि वर मोजायला सांगतो! त्या प्रश्नाचे चार गुण मिळाले असते तर तुझा फोटो छापून आला असता.

तू मेपासून टेकडीवर यायचा थांबलास. मला वाटलं, परीक्षा असेल. मग जूनअखेरीस तुमच्या गल्लीत गेले तर दाराला लाखेची मोहर. पुढे बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. वर्गात कुणी ‘हे खोटं आहे’ म्हणून हात वर केला की आधी त्याला फळ्यापाशी बोलवायचे. हे का करते ते मला ट्रामच्या त्या मंगळवारपर्यंत ठाऊक नव्हतं.

क्षमा माग म्हणशील तर मागते. नुसतं चिडून दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल.

विल्मा

*

बुडापेस्ट, २६ ऑक्टोबर

आंब्रुश,

चार आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. टपालाला दोष द्यायची सोय नाही, कारण मी पोचपावतीने पाठवलं होतं आणि पावतीवर तुझी सही आहे.

अंक वीस नोव्हेंबरला छापायला जाईल. तोवर ठरवायला हवं की प्रश्न काढून टाकायचा, तसाच चुकीचा छापायचा, की दुरुस्ती तुझ्या नावाने द्यायची. लेंकेबाई हयात आहेत हे तुला बहुधा माहीत नाही. शहाऐंशी वर्षांच्या, वृद्धाश्रमात. त्यांना मी अजून काही बोललेले नाही. तू सांगशील तसं करीन.

विल्मा

*

कोसेग, २ नोव्हेंबर

विल्मा,

आज मृतांचा दिवस. सकाळी बायकोच्या थडग्यावर शेवंती ठेवून, मेणबत्त्या लावून आलो आणि लिहायला बसलो. माणसं गेलेल्यांशी बोलतात त्या दिवशी जिवंतांशी न बोलणं बरं दिसत नाही.

तूच क्रमांक सात, हे मला १९५१ पासून माहीत आहे. उत्तराचा कागद तू परत पाठवला होतास ना? हिरवी शाई, आणि डोक्यावरची आडवी रेघ टोपीसारखी उडून चाललेला तो पाचाचा आकडा. टेकडीवर मातीत काडीने तू तसाच पाच काढायचीस. म्हणून तर मी यायचा बंद झालो. दुसऱ्या कुणी शून्य दिलं असतं तर मी बाईंकडे जाऊन भांडलो असतो. तू दिलंस म्हटल्यावर मला वाटलं, माझंच मोजायचं चुकलं असणार. घरी पन्नासदा मोजलं. पाचच यायच्या. तरी तुझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःवर नाही. आता या गोष्टीचं हसू यायला हवं, पण गेला महिनाभर ते येत नव्हतं. म्हणून उत्तर लिहिलं नाही.

त्या लॉरीचं ओझं मात्र तू घेऊ नकोस. फोटो पानभर छापला असता तरी आम्हाला तिच्यात चढवलंच असतं. माझं गेलं ते वेगळं. तेव्हापासून मी कुणालाही ‘तुमचं खोटं आहे’ असं म्हटलेलं नाही. गेल्या वर्षी नगरपरिषदेच्या इंजिनिअरने मनोऱ्याच्या घड्याळाला नवं चाक करवून घेतलं. दात बहात्तर. मला दिसत होतं की पंच्याहत्तर हवेत. मी गप्प बसलो. आता ते घड्याळ त्याच्या मर्जीने चालतं आणि गावातली पोरंसोरं मला हसतात.

आणि बाईंना काही सांगू नकोस. शहाऐंशीव्या वर्षी कुणाच्या तोंडचा लाडका प्रश्न काढून घ्यायचा? दुरुस्ती नको, नाव नको, प्रश्न गुपचूप गाळून टाक. मी त्यांच्यामागून सव्वीस रविवार टेकडी चढलो. त्या वर पोचल्या की धाप लागलेल्या आवाजात म्हणायच्या, ‘श्वास नंतर घ्या, आधी उत्तर.’ ते एवढं माझ्यापाशी राहू दे. बेरजांचं म्हणशील, तर तोच आकडा त्याच्याशीच मिळवायचा खेळ मी बायको गेल्यापासून रोज खेळतो आहे. उत्तरं पुष्कळ येतात, मजा येत नाही.

आंब्रुश

*

बुडापेस्ट, १० नोव्हेंबर

आंब्रुश,

तू सांगशील तसं करीन म्हणाले होते. केलं नाही. तुझं पत्र पर्समध्ये घालून बाईंकडे गेले, निर्णय न घेता. त्या खिडकीशी बसल्या होत्या, पुढ्यात ताटलीत पॉगाचे, तेच छोटे गोल खारे पाव. मला पाहताच म्हणाल्या, “चेहरा का असा? कोण मेलं?”

“कुणी नाही बाई.”

“मग गणितात काहीतरी मेलं असेल. बोल.”

आता यांच्यापुढे काय लपवणार? मी सांगितलं. त्यांनी चष्मा शोधला, तो सापडेना, तेव्हा ताटलीतले पॉगाचेच टेबलावर मांडले. एक, दोन, मग मोठी जागा सोडून पाच, सहा. बोटाने एकेक जोडी शिवत गेल्या. तीन. सहा. सात. पुन्हा सात. आठ. अकरा. मग पहिल्यापासून पुन्हा मोजलं. मला वाटलं, तुझं ऐकायला हवं होतं.

“चारांना विसरले मी,” शेवटी म्हणाल्या. “पाचांपासून पुढे धावत सुटले आणि चारांना दारातच सोडून गेले. इतकं साधं! कुणाला दिसलं होतं?”

“देवेन्यीला. एक्कावन्न सालीच.”

“तो घड्याळवाला? मग मला कुणी कसं सांगितलं नाही?”

“मी त्याला शून्य दिलं, बाई.”

“मोजल्याशिवाय?”

“मोजलं. तोच आकडा दोनदा धरून.”

“गाढवे!” म्हणाल्या. शेजारच्या खाटेवरची आजी दचकून उठली. मला पंचावन्नाव्या वर्षी तुझ्यापायी हा शब्द ऐकावा लागला, याची नोंद घे.

मग मी म्हटलं, की तुम्हाला त्रास नको म्हणून आंब्रुश सांगू नको म्हणत होता. तर केवढ्या भडकल्या! “मी काय काचेची आहे? चूक सापडली याचं मला वाईट वाटलं हे खरं, थोडं जास्तच वाटलं. पण त्या पोराला वाटलं तेवढं नाही. मी समजत होते चढ झेपेना म्हणून यायचा थांबला, आणि रविवारी सगळ्यांदेखत त्याची टिंगल केली होती. त्याचे चार गुण त्याला दे. फोटो छाप. खाली लिही, की लेंकेला चार मोजता येत नव्हते.” मग ती मांडामांड मोडून एक पॉगाचा माझ्या हातावर ठेवला, म्हणाल्या, “हा पाच नंबरचा. खा.”

तेव्हा आता तुझा काही इलाज नाही. दुरुस्ती तुझ्या नावाने जाईल आणि त्या वर्षीचं फोटोंचं पान नव्याने छापू, तुझ्यासकट. फोटोची काळजी करू नकोस, सोय झाली आहे.

विल्मा

*

कोसेग, १७ नोव्हेंबर

विल्मा,

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात तो बाईंचा. पत्र तीनदा वाचलं. ‘गाढवे’ला पोचलो की दर वेळी दुकानात एकटाच मोठ्याने हसत होतो. एक गिऱ्हाईक आलं होतं, ते घड्याळ न देताच परत गेलं.

टिंगल केली होती हे बाईंना आठवतं? मी तर तिथे नव्हतो. त्यांना सांग, चढ झेपत होता.

छापा मग. माझी ना नाही. पण फोटोची सोय कशी झाली ते सांग. माझा त्या वयाचा एकही फोटो जगात नाही. आईने खेड्यात खूप शोधाशोध केली, कुणा नातेवाइकाकडे असेल म्हणून पत्रं टाकली. शाळेचेही जळले. दुसऱ्याच कुणाचा लावत असशील तर स्पष्ट सांगतो, कान तेवढे मोठे बघून घे.

आंब्रुश

*

बुडापेस्ट, ४ डिसेंबर

प्रिय आंब्रुश,

सोमवारी कॅलेंडरवर तुझं नाव, तुझा नामदिवस. तोवर पोचावं म्हणून अंक आजच पाठवते. अकरावं पान उघड. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा. कान तुझेच आहेत. कोट तुझ्या बाबांचा आणि टाय दंतवैद्याचा.

आता लिहायलाच हवं. न छापलेले फोटो परत पाठवायचं काम त्या वर्षी माझ्याकडेच होतं. एकतीस पाकिटं मी जूनच्या दोन तारखेला टपालात टाकली. बत्तिसावं टाकलं नाही. पत्ता लिहिला होता, तिकीट लावलं होतं. पेटीपाशी जाऊन परत आले. तुझ्या पत्त्यावर लाखेची मोहर लागायला अजून सोळा दिवस होते, त्यामुळे तसली सबब मला सांगता येणार नाही. फोटो मला हवा होता, म्हणून ठेवून घेतला. तू टेकडीवर येत नव्हतास आणि मला तुला बघायचं होतं, इतकंच. पुढच्या रविवारी आलास की हातात देईन आणि चिडवीन, असं ठरवलं होतं. पुढचा रविवार आलाच नाही.

लॉगॅरिदमच्या पुस्तकात तो छत्तीस वर्षं आहे. तीन घरं बदलली. लग्न झालं, मोडलं. पुस्तक कुणाला दिलं नाही. तो तुझा एकुलता एक असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही. तुझ्या पहिल्या पत्रात पोस्टमनचं वाचलं आणि पुस्तक उघडायचीही लाज वाटली. शून्याची चूक मोजण्यातली होती, ती कबूल करताना मला जड गेलं नाही. ही चूक नव्हती, चोरी होती. आणि तुला वाटत राहिलं की तू कुणाच्या खिजगणतीत नव्हतास.

तुझ्या आईने शोधला आणि तो माझ्याकडे होता. याबद्दल मला क्षमा कर म्हणायचं धाडस होत नाही. छापखान्यातून मूळ फोटो कालच परत आला. नोंदणी टपालाने पाठवू का? नियम अजून तोच आहे.

विल्मा

*

कोसेग, ११ डिसेंबर

प्रिय विल्मा,

नामदिवशी सकाळी पाकीट आलं. दुकान बंद केलं, दाराला ‘येतो’ची पाटी लावली आणि अकरावं पान भिंगाखाली धरून बसलो. कोटाच्या डाव्या खांद्यावर आईची शिवण दिसते. तिला ती लपवता आली नव्हती म्हणून ती त्या दिवशी रडली होती. मी सोमवारी रडलो. तुझं पत्र मात्र नंतर उघडलं, आणि ते वाचून काय झालं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आई असती तर तुझ्यावर रागावली असती. मग तुला जेवायला बसवलं असतं. मला रागवायचा हक्क आहे, पण जमत नाही. छत्तीस वर्षं मी त्या फोटोचा हिशेब चुकीचा करत होतो. मला वाटायचं, तो कुठल्यातरी कचऱ्यात गेला. आणि तो होता कुठे, तर लॉगॅरिदममध्ये! आपल्यासारख्यांना आणखी कुठे ठेवणार म्हणा.

परवा नगरपरिषदेत गेलो. इंजिनिअरला सर्वांदेखत म्हटलं, तुमचं खोटं आहे, पंच्याहत्तर हवेत, मोजून घ्या. त्यांनी मोजले. नवं चाक मीच करतो आहे.

फोटो टपालाने पाठवू नकोस. बाईंना नाताळचा नमस्कार सांग. मी नाताळात येत नाही, यंदा येऊन चालणारच नाही. का, ते बघ. आपण टेकडीवर एकत्र होतो ती वर्षं १९५० आणि १९५१. मग मोठा खड्डा. मग तुझं पत्र आलं ते १९८७. मधली जागा कितीही मोठी असू दे, चौथा आकडा नीट निवडला तर बेरजा कमीत कमीच येतात. तो चौथा आकडा १९८८ आहे.

रविवार, तीन जानेवारी, सकाळी दहा, टेकड्यांकडे जाणाऱ्या दातेरी रेल्वेचं खालचं स्टेशन. चरबी-कांद्याचा पाव मी आणतो, फोटो तू आण. हातात द्यायचा, आणि चिडवायचं राहिलं आहे तेही कर.

एकाच आकड्याला दोनदा धरू नकोस. मोजून घे.

आंब्रुश